नॉर्वेच्या नातीसाठी चौथी बाजू

मी एक जुना पुठ्ठा आहे. शाळेच्या प्रोजेक्टचा, तीन बाजूंचा, कपाटासारखा मिटणारा. अमेरिकेत, टेक्सासमधल्या प्लेनो गावातल्या एका गॅरेजमध्ये उभा असतो. टाकाऊ म्हणता? म्हणा. पण आधी ऐका.

डावी बाजू.

मित्रांनो, २००६ साली सहावीतल्या नीनाने माझ्यावर स्कॉटलंडचा राजा तिसरा अलेक्झांडर चिकटवला. सात वर्षांचा असताना तो गादीवर बसला. दहाव्या वर्षी इंग्लंडच्या राजकन्येशी लग्न. त्या लग्नातच सासरा म्हणाला, स्कॉटलंडसाठी माझं मांडलिकत्व मान. पोरगा म्हणाला, मी लग्नाला आलोय, एवढ्या अवघड गोष्टीचं उत्तर द्यायला नाही. नीनाने हे लाल मार्करने लिहिलं. मी तेव्हाच ताठ झालो.

उजवी बाजू आधी भरली. नकाशा, बेटं, जहाजं. तसूभर जागा उरली नाही.

मधली बाजू.

इथे राजाचा वंशवृक्ष. तो काढला शशिकांत आजोबांनी. नीनाच्या बाबांचे वडील, नागपूरहून आलेले. घरची वंशावळ काढतात तशीच काढली, पट्टी लावून, सुरेख अक्षरात. राजा. खाली दोन मुलगे. झालं.

"आजोबा, डॉटर कुठेय?"

"मुली सासरच्या झाडावर जातात, बेटा. आपल्या वंशावळीत तुझ्या आत्याही नाहीत."

"मग मी?"

आजोबा पेन्सिलीला टोक काढू लागले.

नीना थांबली नाही. "दोन्ही सन्स त्याच्याआधी मेले. डॉटरचं नॉर्वेच्या किंगशी लग्न झालं, मग तीही वारली. तिची बेबी उरली. तीच एकटी वारस! तुमच्या ट्रीमध्ये तर कुणीच नाही. किंगडम कोणाला देणार?"

आजोबांनी पट्टी बाजूला ठेवली.

"पट्टी लावून चुकलो की," ते म्हणाले.

चौथी बाजू.

माझ्यावर जागा उरली नव्हती, म्हणून ती मायक्रोवेव्हच्या खोक्यातून कापली, टेपने मला जोडली. तिच्यावर आजोबांनीच लिहिलं: मुलगी मार्गारेट, नॉर्वेची राणी. तिच्याखाली नात मार्गारेट, वय वर्षे तीन.

शाळेत बाई म्हणाल्या, तीनच बाजूंचा नियम आहे, चौथी काढ, नाहीतर स्पर्धेत धरणार नाही. पहिल्या नंबराला राज्याच्या स्पर्धेसाठी ऑस्टिनला जायला मिळणार होतं. नीनाने महिनाभर त्याचीच स्वप्नं पाहिली होती. शिवाय ती नात वाटेतच वारली, स्कॉटलंडला पोचलीच नाही, असंही बाई म्हणाल्या.

"सो? वारस तीच होती," नीना म्हणाली. "आय वोन्ट कट हर."

आम्हाला बाहेर काढलं. कॉरिडॉरमध्ये, पाण्याच्या नळाशेजारी. तिथे टेप सुटली. चौथी बाजू लोंबू लागली, तशी आजोबांनी ती हाताने धरली. दीड तास.

ओळखीच्या शोभनाकाकू जाता जाता म्हणाल्या, "अहो काका, बसा की जरा!"

"मी बसलो तर ही पोरगी खाली पडेल."

पहिला नंबर दुसऱ्याच कुणाचा आला. नीना गाडीत रडली, पण मला मांडीवर घेऊन. नागपूरला परतल्यावर आजोबांनी घरच्या वंशावळीचं काय केलं, मला ठाऊक नाही. पुठ्ठ्याला कोण पत्र लिहितं?

मित्रांनो, मला ओल लागू देऊ नका, असं सांगणार होतो. राहू द्या. हवं तर मला रिसायकलिंगच्या डब्यात टाका. पण कुणी मावत नसेल, तर तिला कापू नका.

दुसरं खोकं शोधा.