चित्रात दिसतं ते सगळं

लोक म्हणतात, माझ्या नवऱ्याने, लेस्टरने, दुकान बंद केलं. खोटं आहे. त्याने ते उचलून माझ्या स्वयंपाकघरात आणलं.

घरामागच्या शेडमध्ये त्याने जन्मभर लोकांच्या बंदुका दुरुस्त केल्या. पश्चिम पेनसिल्व्हेनियातल्या आमच्या या डोंगरात हरणांचा मोसम उघडतो त्या दिवशी शाळांनाही सुट्टी असते, त्यामुळे कामाला कधी तोटा नव्हता. पुढे डोळे अधू झाले, बोटांतला स्क्रू दिसेना, तेव्हा तो आपणहून थांबला. पण खणच्या खण भरून जुने सुटे भाग उरले होते. नळ्या, दस्ते, घोडे, चाप, स्प्रिंगा. ते ऑनलाइन लिलावात विकायचं ठरलं, आणि फोटोला उजेड चांगला म्हणून जागा ठरली माझं खिडकीजवळचं टेबल. मला कुणी विचारलं नाही.

बोली एका डॉलरपासून सुरू व्हायची. पुढचं देव जाणे. आतून आरशासारखी लखलखीत नळी कवडीमोलाने गेली, तेव्हा लेस्टर दोन दिवस नीट जेवला नाही. आणि गंजून वाकडं झालेलं, गोळ्या भरायचं एक मॅगझिन, जे मी कचऱ्यात टाकायला निघाले होते, त्यावर टेक्सासचा एक आणि मेन राज्यातला एक असे दोघे इरेला पेटले. त्यात आमच्या गाडीचे टायर नवे आले.

लेस्टरने यावर शास्त्र बनवलं होतं. पावसाळी आठवड्यात नळ्या विकाव्यात. दस्ते पगाराच्या शुक्रवारी. रविवारी फुटबॉलची मॅच चालू असताना लिलाव कधी संपवू नये, कारण पुरुषांचं लक्ष नसतं. आमचा शेजारी बझ, जो खाणीतून निवृत्त झाल्यापासून माझ्याच कॉफीवर जगतोय, तो हे सगळं ऐकून घ्यायचा.

"लेस्टर, तुझं शास्त्र आणि टीव्हीवरचा तो हवामानवाला, दोघांना एका खोलीत कोंडायला पाहिजे," तो म्हणायचा. "जो कमी चुकेल त्याला बाहेर सोडायचं."

एक गोष्ट मात्र लेस्टर शास्त्र म्हणून नाही, धर्म म्हणून पाळायचा. सुरुवातीला ओहायोच्या कुणीतरी एक स्क्रू कमी आला म्हणून कुरकुर केली होती. तेव्हापासून प्रत्येक मालाखाली तो एकच वाक्य लिहायचा, "चित्रात दिसतं ते सगळं मिळेल, चित्रात नाही ते मागू नका." माल मिळाल्यावर खरेदीदार विक्रेत्याबद्दल शेरा लिहितो. लेस्टरचे सगळे शेरे चांगले होते आणि सकाळी प्रार्थनेआधी तो ते वाचायचा.

नाताळ जवळ आला होता. मी टेबलावर अक्रोड फोडत बसले होते. आमच्या स्लोव्हाक घरांत अक्रोडाचा गर भरून गुंडाळलेल्या गोड पावाच्या रोलशिवाय नाताळ होत नाही, आणि माझे रोल सगळ्या गल्लीत जातात. अक्रोड फोडायला माझ्याकडे आईचा अडकित्ता आहे. काळा, लोखंडी, तोंडावर सहा पाकळ्यांचं छोटं फूल ठोकलेला. हातोडीने फोडलं की गराचा भुगा होतो, याने फोडलं की अर्धा गर सबंध निघतो. त्याच्या एका दांडीवर आईच्या अंगठ्याने झिजून खळगा पडलाय, माझा अंगठा बरोबर तिथेच बसतो. आई जाऊन बरीच वर्षं झाली. डिसेंबरात ती मला त्या खळग्यात भेटते.

फोन वाजला म्हणून हातातलं टेबलावर ठेवून मी उठले. तेवढ्यात लेस्टरने माझा अक्रोडांचा वाडगा बाजूला सारला, एका खोक्यातलं किरकोळ सामान टेबलावर ओतलं, फोटो काढला आणि लिलावाला लावून मोकळा झाला. चापाभोवतीची वाकडी कडी, मूठभर स्प्रिंगा, एक घोडा, दस्त्याचा तुकडा. "हे दहा डॉलरांवर जाणार नाही," तो म्हणाला. असलं सामान कधी का खपेना म्हणून त्याने लिलाव रविवारी, मॅचच्या वेळेलाच, संपवायला ठेवला.

रविवारी चर्चहून आलो तर बोली दोनशेवर गेली होती.

लेस्टरने चष्मा पुसला. बझने खुर्ची ओढली. मॅच सुरू झाली, आणि मग गंमत अशी की खेळ चालू असेपर्यंत सगळं सामसूम, जाहिराती लागल्या की बोली! पुरुषांचं लक्ष नसतं म्हणे. आणि शेवटच्या पंधरा मिनिटांत कुणी बोली लावली की घड्याळ पुन्हा पंधरा मिनिटं पुढे सरकतं, हा त्या लिलावाचा नियम. म्हणजे हे प्रकरण संपायचं नावच घेईना. माझं सूप दोनदा गरम करून झालं.

"स्प्रिंगांत काहीतरी आहे," लेस्टर म्हणाला. "एकाने आठवड्यात दोनदा स्प्रिंगांबद्दल विचारलं होतं."

"दुसऱ्याने कडीबद्दल विचारलं होतं ना?" बझ म्हणाला.

"हो. आणि एकाने घोड्याबद्दल. सगळ्यांनी शेवटी एकच विचारलं, चित्रातलं सगळं नक्की मिळणार ना? मी म्हटलं, माझा शब्द आहे."

हे ऐकलं आणि माझ्या हातातली पळी थांबली. माझ्या मावश्या शेतावरच्या जुन्या सामानाच्या विक्रीला जायच्या, तेव्हा मी लहानपणी सोबत असायचे. थोरल्या मावशीला हवी असायची कपबशी, तर ती भाव विचारायची कंदिलाचा, झाडूचा, कुत्र्याच्या पट्ट्याचा. जे हवंय त्याच्याकडे जातिवंत गिऱ्हाईक ढुंकूनही बघत नाही.

"लेस्टर," मी म्हटलं, "कशाबद्दल कुणीच विचारलं नाही?"

"म्हणजे?"

"तो फोटो मोठा कर."

त्याने केला. कडी, स्प्रिंगा, घोडा, दस्ता. आणि स्प्रिंगांच्या मधोमध, आरामात पहुडलेला, माझ्या आईचा अडकित्ता.

लेस्टर उठला. वाडग्यातून अडकित्ता उचलून खिडकीशी गेला, भिंग लावलं, दोन्ही जबडे उघडून आत नखाने खरवडलं. वर्षानुवर्षांचा अक्रोडाचा काळा चिकटा निघाला आणि खाली गोल, गुळगुळीत खोबण दिसली.

"थेल्मा," तो बसक्या आवाजात म्हणाला, "हा अडकित्ता नाहीये गं. हा गोळ्या ओतायचा साचा आहे. ठासणीच्या बंदुकीचा. तेव्हा प्रत्येक बंदूक हाताने बनायची, प्रत्येकीच्या नळीचं माप वेगळं, म्हणून बंदुकीबरोबर तिचा स्वतःचा साचा द्यायचे. बंदुका सापडतात. साचे सापडत नाहीत."

बझ इतका हसला की त्याच्या नाकातून कॉफी आली. "जन्मभर बंदुका दुरुस्त केल्यास आणि जन्मभर याने फोडलेले अक्रोड खाल्लेस!"

"काखेत कळसा आणि गावाला वळसा," मी म्हटलं. पण मला हसू येत नव्हतं. "तो लिलाव बंद कर."

"बोली लागल्यावर माल मागे घेता येत नाही."

"माल? माझी आई माल आहे?"

"थेल्मा, मी शब्द दिलाय. चित्रात दिसतं ते सगळं."

"मग बझ, तू लाव बोली. पैसे मी देते. घेऊन टाक परत."

बझने खिशातून फोन काढलासुद्धा. लेस्टर आडवा आला. "विकणाऱ्याच्या घरातून बोली लावणं म्हणजे चोरी. समोरच्याला फसवून भाव चढवायचा. माझ्या घरातून ते होणार नाही."

मला त्याचा इतका राग आला की सुपाचं भांडं आदळलं. राग जास्त याचा आला, की त्याचं बरोबर होतं. आईनेही हेच म्हटलं असतं, आणि वर मला एक टपली दिली असती. टीव्हीवर टायरची जाहिरात लागली आणि आकडा हजाराच्या वर गेला. मग मॅच संपली, आमची टीम हरली, आणि शेवटची पंधरा मिनिटं कुणीच काही केलं नाही.

जिंकणाऱ्याचं नाव, पत्ता आला. लेस्टरने वाचलं, "एल्वुड क्लिंगर. राज्याच्या पार दुसऱ्या टोकाचा दिसतोय."

मी खुर्चीत बसले. माझ्या आजोबांनी पलीकडच्या डोंगरउतारावरचं एक शेत विकत घेतलं, जन्मभर तिथे राबले, तरी गाव त्याला आजतागायत क्लिंगरांचं शेतच म्हणतं. आजोबांना याचा फार राग होता. आणि आईला हा अडकित्ता त्याच शेतावरच्या घरात, स्वयंपाकघराच्या खणात, मागे कोपऱ्यात सापडला होता. मी हे कुणाला बोलले नाही. लेस्टरने त्या माणसाला खरं काय ते सगळं लिहून टाकलं. उत्तर आलं, पार्सल करू नका, मी स्वतः येतो.

शनिवारी तो आला. उंच, वाळका, कान मोठे, बगलेत गोधडीत गुंडाळलेली लांबलचक बंदूक. मी ठरवलं होतं, कॉफी द्यायची, केक नाही. त्याने बूट पुसले, टोपी काढली आणि बंदूक टेबलावर ठेवली. दस्त्यात पितळेचं छोटं झाकण होतं, आणि त्या झाकणावर सहा पाकळ्यांचं फूल होतं. अगदी माझ्या फुलासारखं. मी इतकी वर्षं समजत होते, स्वयंपाकघरातली वस्तू म्हणून फूल काढलंय.

लेस्टरने दात कोरायच्या काडीने साच्याची खोबण साफ केली, शेडमध्ये जाऊन एक गोळी ओतली, थंड करून आणली. क्लिंगरने कापडाच्या तुकड्यावर ती नळीच्या तोंडाशी ठेवली आणि अंगठ्याने दाबली. ना सैल, ना घट्ट, गोळी आपल्या घरी गेल्यासारखी आत बसली. बझने कप खाली ठेवला.

"आजोबा सांगायचे," क्लिंगर म्हणाला, "शेत सोडताना चमचेसुद्धा मोजून गाडीत भरले, आणि हा राहिला. बाबा मरेपर्यंत प्रत्येक जुन्या बाजारात साचे उघडून बघायचे. मी लिलाव बघत बसतो. शेत कुठे होतं तेही आता कुणाला नीट ठाऊक नाही."

"मला ठाऊक आहे," मी म्हटलं. "इथून दोन टेकड्यांपलीकडे. आम्ही अजून त्याला क्लिंगरांचं शेतच म्हणतो."

त्या माणसाचे डोळे भरले. माझेही भरले, का लपवू? मी केक काढला.

साचा हातात घेऊन तो दांडीवरून बोट फिरवत होता. खळग्याशी थांबला. "हे इथे काय झिजलंय?"

"माझी आई," मी म्हटलं.

त्याने बोट चटकन बाजूला घेतलं. जरा वेळ तो माझ्या अक्रोडांच्या पोत्याकडे बघत राहिला. "यातले किती फोडायचे राहिलेत, मिसेस बेन्को?"

"सगळेच. आठवडाभर हातच लावला नाही."

त्याने कोट काढून खुर्चीला टांगला. दुपारभर आम्ही चौघं अक्रोड फोडत बसलो. क्लिंगरला ते अजिबात जमत नव्हतं, टरफलं उडून बझच्या कपात पडायची. "तुझ्या पणजोबाला बंदूक चालवताना कुणी पाहिलं होतं का?" बझने विचारलं. आईचा खळगा मी शेवटचा अंगठ्याने चाचपला आणि साचा त्याच्या हातात दिला. तो म्हणाला, पुढच्या डिसेंबरात घेऊन येतो. मी हो म्हटलं. माणसं असं बोलतात.

पुढचं वर्ष लेस्टरला जड गेलं, माझ्यामुळे नाही, शेऱ्यामुळे. क्लिंगरने शेराच लिहिला नाही. लेस्टर रोज सकाळी बघायचा. "काहीतरी कमी पडलं असणार," तो म्हणायचा. "साफ करताना ओरखडा गेला का माझ्याकडून?" मी त्या पैशांतून एक चकचकीत नवा अडकित्ता आणला होता. त्याने गराचा भुगा व्हायचा, आणि अंगठा कुठे ठेवावा तेच कळायचं नाही. डिसेंबर उजाडला तशी मी खिडकीतून बाहेर बघायची नाही असं ठरवलं आणि बघत राहिले.

पहिल्या शनिवारी त्याची गाडी आली. साचा मखमलीच्या पेटीत होता. मी उघडून बघितला. बाहेरून त्याने लख्ख पुसला होता, पण बिजागरीतला अक्रोडाचा काळा चिकटा तसाच होता, आणि खळग्याला पॉलिशचं बोटसुद्धा लागलेलं नव्हतं.

या वेळी मी कणीक आधीच फुगवून ठेवली होती. संध्याकाळी साच्यासोबत गरम रोल फडक्यात बांधून दिला, शेतावरून जायचा रस्ता समजावून सांगितला. रात्री जेवताना लेस्टरने सवयीने फोन उघडला आणि त्याचा घास हातातच राहिला. मग त्याने तो फोन माझ्यासमोर धरला.

क्लिंगरने लिहिलं होतं, "विक्रेता प्रामाणिक. चित्रात दिसतं ते सगळं मिळालं. चित्रात नव्हतं तेही मिळालं, न मागता."