मागच्या पुठ्ठ्यावरचा शेरा

तळ्यावरच्या आमच्या केबिनमध्ये एक फळी भरून जुन्या प्रेमकथा आहेत. माझ्या सासूने चर्चच्या जुन्या पुस्तकांच्या विक्रीतून जमवलेल्या. नर्स, डॉक्टर, गैरसमज, लग्न. पानं पिवळी पडलीत. तरी उन्हाळ्यात धक्क्यावर बसून, पाय पाण्यात सोडून वाचायला याहून बरं काही अख्ख्या मिनेसोटात नाही, असं माझं ठाम मत आहे. सासूचा नियम एकच होता. पुस्तक संपलं की मागच्या पुठ्ठ्याच्या आत पेन्सिलीने आपली आद्याक्षरं, साल आणि एका ओळीचा शेरा लिहायचा. संपेपर्यंत तिथे डोकवायचं नाही, कारण सासूबाई शेऱ्यातच शेवट फोडून मोकळ्या व्हायच्या.

शनिवारी मी दीपगृहावरच्या नर्सची गोष्ट वाचत होते. शेजारच्या केबिनमधली माझी नणंद मार्व्हल ऱ्हुबार्बच्या, म्हणजे त्या लाल आंबट देठांच्या, वड्या घेऊन आली.

"चाळिसाव्या पानावरच कळलं मला," मी म्हणाले. "ही त्या देखण्या डॉक्टरला सोडून नावाड्याशी लग्न करणार. शितावरून भाताची परीक्षा."

"हो का," मार्व्हल म्हणाली आणि तळ्याकडे बघत बसली. एरवी ही बाई मला टोमणा मारल्याशिवाय वडी गिळत नाही.

मला त्याचं काही वाटलं नाही, कारण डोक्यात रविवार होता. रविवारी माझा मुलगा कर्टिस येणार होता. वसंतात माझ्या हातून दोनदा शेगडी चालू राहिली, तेव्हापासून तो माझ्यावर लक्ष ठेवून आहे. उन्हाळाभर केबिनमध्ये राहू देईन, पण घोटाळा दिसला तर त्याच दिवशी सेंट पॉलला त्याच्या घरी चलायचं, असं त्याने बजावलं होतं. तिथल्या माझ्या खोलीतून गाड्या लावायची जागा दिसते.

शेवटच्या पानावर नावाड्याने तिला मागणी घातली आणि मी मनसोक्त रडले. मग पेन्सिल घेऊन मागचा पुठ्ठा उघडला. सासूचा शेरा होता: "नर्स मूर्ख, नावाडी बरा." त्याखाली माझीच आद्याक्षरं, साल यंदाचं, आणि "चाळिसाव्या पानावरच कळलं." त्याच्याखाली पुन्हा माझीच आद्याक्षरं, पुन्हा यंदाचंच साल, आणि पुन्हा तीच ओळ.

मीही तेच लिहायला बसले होते. मला भीती वाटली. मी पुस्तक मार्व्हलपुढे धरलं.

"तुला माहीत होतं?"

"जूनमध्ये सांगणार होते," मार्व्हल म्हणाली. "पण तू इतकी रमली होतीस, आर्डिस. खरं सांगू? मला हेवा वाटला. मला मेलं प्रत्येक पुस्तक पाठ झालंय."

"कर्टिसला कळलं तर?"

"खोडरबर आहे माझ्याकडे."

तिने ते आणलंसुद्धा. मी पहिली ओळ अर्धी खोडली. मग थांबले. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही. तीस वर्षं पोस्टात काढली मी, दुसऱ्याचं पत्र कधी दडवलं नाही, आणि आता स्वतःचं दडवू? खोडलेलं पुन्हा गिरवलं आणि खाली तिसरी ओळ लिहिली.

रविवारी कर्टिस आला. मी पुस्तक त्याच्या हातात दिलं. त्याने शेरे वाचले, परत वाचले आणि धक्क्यावर माझ्याशेजारी बसला.

"आई, तूच का दाखवलंस?"

"तू शोधून काढलं असतंस तर आज नेलं असतंस. मी दाखवलंय, म्हणून उन्हाळा संपेपर्यंत, सप्टेंबरातल्या लेबर डेपर्यंत राहू दे. शेगडीला हात लावणार नाही. मार्व्हल जेवण आणेल."

"मला कुणी विचारलंय?" मार्व्हल मागून म्हणाली.

कर्टिसने डोळे पुसले. "लेबर डेपर्यंत," तो म्हणाला. "त्यानंतर माझ्याकडे."

मी मान डोलावली. रडू आलं, पण नावाड्यासाठी आलं होतं तितकं नाही.

तो गेल्यावर मार्व्हलने पुस्तक उचललं. "हे वरच्या फळीवर मागे टाकू का? पुन्हा हाताला लागायला नको."

"नाही," मी म्हणाले. "समोरच ठेव. मला सापडेल असं."

तिने ते पहिल्या नंबरला लावलं आणि पेन्सिलीला टोक काढून ती शेजारी ठेवली.