शेवटच्या ताटाचा आजार

दुपारचे तीन वाजून गेले तरी धाकट्या सुनेच्या पोटात सकाळच्या अर्ध्या कप चहाखेरीज काही नव्हतं. कुलपांच्या दुकानातून सासरे आणि त्यांचे दोघे मुलगे येणार, जेवणार, ढेकर देणार. मग बायकांची ताटं. वा रे शिस्त! पातेली खरवडून घास तोंडात जाईपर्यंत चार वाजायचे.

त्या आठवड्यात लघवीच्या तक्रारीसाठी तिची सोनोग्राफी झाली आणि भलतंच निघालं, पित्ताशयात गाळ. सासऱ्यांनी चष्मा न लावताच निदान केलं.

"हा आमचा खानदानी आजार! हिच्या सासूची पित्ताची पिशवी काढली, थोरलीची काढली. हिचीही काढून टाका, कटकट मिटेल."

सुनेला हसावं की रडावं कळेना. सासू एका घरची, थोरली जाऊ दुसऱ्या, आपण तिसऱ्या. रक्ताचं नातं कुणाचंच नाही. आणि खानदानात जन्मलेल्या तिन्ही पुरुषांच्या पिशव्या मात्र ठणठणीत! अकलेचे कांदे, दुसरं काय!

नवऱ्यानं डॉक्टरीणबाईंकडे ऑपरेशनची तारीखच मागितली.

"तारीख कशाला? खडे नाहीत, पोट दुखत नाही. असा गाळ बऱ्याचदा आपोआप जातो. कधीकधी त्याचे खडे होतात, म्हणून तीन महिन्यांनी पुन्हा बघू. उजव्या बरगडीखाली जोराची कळ आली, ताप आला, डोळे पिवळे दिसले, तर मात्र त्याच दिवशी या." बाई सुनेकडे वळल्या. "तुम्ही जेवता कधी?"

"सगळ्यांचं झाल्यावर. चारला."

"अहो, जेवलं की पित्ताशय रिकामं होतं. तासन्‌तास उपाशी राहिलं की पित्त तिथंच साठतं. कारणं आणखीही असतात, पण हे तर आपल्याला टाळता येईल ना? वेळेवर जेवा."

"ते आमच्या घरात जमणार नाही हो," नवरा म्हणाला. "तुम्ही ऑपरेशनचंच बघा."

सुनेनं त्याच्याकडे पाहिलं. या माणसाला बायकोचं पोट कापणं सोपं वाटत होतं, तिला आधी जेवू देणं अवघड! तिला त्याची किळस आली.

दुसऱ्या दिवशी साडेबाराला तिनं ताट वाढून घेतलं.

"अगं, पुरुष जेवायचेत अजून!" सासू धास्तावली.

"आई, तुम्हीही बसा. चाळीस वर्षं थांबून काय मिळालं तुम्हाला?"

सासूचा हात पोटावरच्या जुन्या व्रणाकडे गेला. ती काही बसली नाही. थोरली जाऊ मात्र मुकाट्यानं ताट घेऊन शेजारी आली.

तीनला पुरुष आले, तेव्हा दोघी हात धुऊन बसल्या होत्या.

"लाज सोडली का? आम्हाला वाढणार कोण?" सासरे गरजले.

"स्वयंपाक झाकून ठेवलाय," धाकटी जागची न हलता म्हणाली. "माझं पोट कापायला निघाला होतात ना सगळे? मग हातात पळी धरायला काय झालं?"

तिघे तसेच उभे राहिले. पळी कुठं ठेवलेली असते, हे त्यांच्यापैकी एकालाही माहीत नव्हतं.