टीव्हीखालचा डबा

मित्रांनो, टीव्हीखालच्या फळीवर हा काळा डबा दिसतो ना, तो मी. नीट पाहिलंत तर वर उचलायचं हँडल दिसेल आणि बाजूला बारीक जाळी. मी कॉम्प्युटर आहे. गेम खेळायला आणि घरबसल्या सिनेमे बघायला मला बनवलं होतं. वय म्हणाल तर फार नाही, पण आमच्या जातीत सहा वर्षांत माणूस आजोबा होतो.

मला बनवणारा लिफ्ट दुरुस्त करणारा मिस्त्री. एका खोलीत एकटा राहायचा. त्याची बायको वेगळी झाली होती आणि मुलगी आईकडे असायची. तिला तो टिटवी म्हणायचा, कारण जिना चढायच्या आधीपासून तिची बडबड सुरू व्हायची. दर शनिवारी सकाळी ती यायची आणि रविवारी संध्याकाळी जायची. त्या दोन दिवसांवर बाबाचे बाकीचे पाच दिवस निघायचे.

माझा जन्म आधी पुठ्ठ्यात झाला. हसू नका. मिस्त्रीचा छापील मापांवर काडीचा विश्वास नव्हता. कुठलाही पार्ट विकत घ्यायच्या आधी तो त्याच्या मापाचा पुठ्ठा कापायचा. त्यावर टिटवी स्केचपेनने नाव लिहायची, ‘मदरबोर्ड’, ‘कूलर’, ‘पॉवर सप्लाय’, आणि दोघं जमिनीवर बसून ते तुकडे एका खोक्यात रचून बघायचे. प्रत्येक तुकड्याभोवती बोटभर जागा मोकळी हवी, हा बाबाचा हट्ट.

“हवा खेळायला नको? गुदमरेल बिचारा.”

“बाबा, हा कॉम्प्युटर आहे. तू लिफ्ट बसवत नाहीयेस!”

पार्ट विकणारा दुकानदार तर त्याला कंटाळून गेला होता. “साहेब, लहान पेटीत सगळं महाग आणि सगळं गरम,” तो सांगायचा. “मोठी घ्या आणि सुटा.” पण मिस्त्री टेप काढून पुन्हा मोजायचा. सिनेमात कुणी हळू बोललं तरी ऐकू यायला हवं म्हणून त्याने मंद फिरणारा पंखा निवडला. आतली चिप थंड ठेवणारा कूलर बुटका घेतला, पेटीचं झाकण लागावं म्हणून. अशा निवडीत पाच शनिवार-रविवार गेले. माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले दिवस तेच, आणि तेव्हा मी अजून झालोही नव्हतो.

भांडण झालं ते ग्राफिक्स कार्डावरून, म्हणजे गेमची चित्रं टीव्हीवर आणणाऱ्या पार्टावरून. टिटवीला तीन पंख्यांचं लांबलचक कार्ड हवं होतं. त्याचा पुठ्ठा खोक्यात मावेना, टोक वीतभर बाहेर. ती रुसून बसली.

“मग पेटीच मोठी घे ना!”

“अगं, मग तू नेणार कशी?”

“न्यायचा कशाला? इथेच राहू दे की. मी येतेच दर शनिवारी.”

मित्रांनो, एवढं सरळ बोलली होती पोर. पण मिस्त्रीच्या डोक्यात भलतंच होतं. आपली मुलगी पाच दिवस आपल्या हातच्या वस्तूशिवाय राहते, हे त्याला खुपत होतं. त्याने छोटं कार्ड घेतलं, पेटी तिच्या पाठीवरच्या पिशवीत मावेल एवढीच ठेवली आणि वर हँडल बसवलं. माणूस आयुष्यभर मापं घेत आला, आणि नेमकं इथे त्याचं माप चुकलं.

एका रविवारी मला जोडलं. पेटी इतकी अरुंद की बाबाचे राठ हात आत जाईनात. “तुझी बोटं घाल,” तो म्हणाला, आणि टिटवीने एकेक वायर जागेवर बसवली. बटण दाबलं, पंखा फिरला, पण टीव्हीवर काळाकुट्ट अंधार. दोघांची तोंडं उतरली. तासभर सगळं तपासून झाल्यावर कळलं, टीव्हीची वायर ग्राफिक्स कार्डाला लावायची ती दोघांनी मदरबोर्डाला लावली होती. ती योग्य जागी जाताच टीव्ही उजळला आणि टिटवीने अशी किंकाळी फोडली की खालच्या मजल्यावरच्या काकू विचारायला आल्या.

सात-आठ महिने माझे फार कौतुकाचे गेले. दोघं शेजारी बसून गाड्यांची शर्यत खेळायचे. बाबा दर वेळी भिंतीवर आदळायचा, आणि मला वाटतं निम्म्या वेळा मुद्दामच. मग जेवणं उरकून सिनेमा. तो अर्ध्यातच घोरायला लागायचा आणि टिटवी त्याच्या पोटात कोपर मारून त्याला जागं करायची.

मग एका रविवारी ती म्हणाली, “बाबा, सुट्टी लागलीय. पीसी तिकडे नेऊ का थोडे दिवस?”

“ने की! त्यासाठीच तर छोटा केलाय.” तो इतका खुश झाला की स्वतःच्या हाताने पिशवीत स्पंजचे तुकडे लावले.

मी गेलो, आणि तिकडेच राहिलो.

नवं घर चांगलं होतं. मी गालिच्यावर, खिडकीच्या पडद्याला खेटून. टिटवीच्या मैत्रिणी हेडफोन लावून आपापल्या घरून खेळायच्या आणि ही माझ्यापुढे बसून त्यांच्याशी तासन्‌तास बोलायची. पहिल्यांदा एक शनिवार चुकला, क्लास होता म्हणून. मग मैत्रिणीचा वाढदिवस आला. मग नुसतंच “पुढच्या आठवड्यात नक्की” होऊ लागलं. मी तिथे नसतो तर ती गेली असती का, हे मला सांगता येणार नाही. पण खोटं कशाला बोलू, शनिवारी सकाळी तिला घरात डांबून ठेवणारा मीच होतो. या गोष्टीची मला आजही लाज वाटते.

शनिवारी बाबाचा फोन यायचा.

“पीसी कसा आहे गं?”

“बरा आहे.”

“तापत तर नाही ना?”

“नाही.”

“जाळी पुसतेस ना? आठवड्यातून एकदा तरी पूस हां.”

“हो रे बाबा, पुसते. ठेवू?”

ती पुसत नव्हती. गालिच्याचा केर, पडद्याचे धागे, सगळं मी पोटात ओढत होतो. बाबाने सोडलेली बोटभर मोकळी जागा धुळीने भरून गेली. माझा पंखा आधी कुरकुरला, मग खरखरू लागला. खेळ रंगात आला की मी तापून बंद पडायचो. टिटवी वैतागून मला चापट मारायची. मी तिला काय सांगणार?

दोन वर्षांनी आईने तिला लॅपटॉप घेतला. मी टेबलाखाली गेलो. “बाबांना म्हणावं, हा घेऊन जा,” आई म्हणाली, “पायात येतो.”

मिस्त्री आला तो कामावरूनच, हत्यारांच्या पिशवीसकट. कुणी घरात बोलावलं नाही, आणि त्यानेही ते मनावर घेतलं नाही. दाराबाहेर जिन्याच्या पायरीवर बसून त्याने माझं झाकण काढलं. आतून धुळीचा जाड थर गोधडीसारखा उचलून आला. तो हातात धरून त्याने वर पाहिलं. टिटवी चौकटीला टेकून उभी होती. उंच झाली होती आणि बोलणं पार आटलं होतं.

“पुसत होतीस ना गं?”

“विसरले.”

“असू दे. असू दे.” त्याने झाकण लावलं. “दुरुस्त करून ठेवतो. शनिवारी येतेस?”

“बघते. मेसेज करते.”

दार लागलं. जन्मभर लिफ्टवर पोट भरलेला माणूस, पण त्या दिवशी मला घेऊन चार मजले जिन्यानेच उतरला. मध्ये दोनदा थांबला. मी काही तेवढा जड नाही.

घरी त्याने मला ब्रशने लख्ख पुसलं आणि नवा पंखा बसवला. आता मी पहिल्यासारखा चालतो. शनिवारी त्याने आनंदाने फोन लावला.

“पीसी ठणठणीत झाला बघ!”

“अरे वा.”

“हो. फक्त धूळ होती.”

“बरं झालं.”

मग त्याने माझ्याकडे पाहिलं. दर शनिवारी विचारायचे ते सगळे प्रश्न आता त्याच्या डोळ्यांसमोर, फळीवर ठेवलेले होते. मी तापतो का, हे तिला काय विचारणार? पुढचं वाक्य शोधताना त्याचे ओठ हलत होते.

“ठेवू, बाबा?”

“ठेव.”

त्यानंतरच्या शनिवारी त्याने फोन हातात घेतला, तिचं नाव काढलं आणि फोन पुन्हा खाली ठेवला. त्याच्या पुढच्या शनिवारी हातातही घेतला नाही. मी तिकडे मळलेला, तापलेला, खरखरणारा होतो, तोवर त्याच्याकडे एक निमित्त होतं. मी परत आलो आणि तेही गेलं.

मित्रांनो, आमच्यासारख्या यंत्रांची निगा राखा, जाळी पुसत जा, हे तर मी सांगणारच. पण खरी विनंती दुसरीच आहे. तुमचं कुणी फोनवर सारखं एखाद्या वस्तूची चौकशी करत असेल, तर “बरी आहे” म्हणून फोन ठेवू नका. तो माणूस वस्तूविषयी विचारत नसतो. आणि त्याचे फोन थांबले असतील, तर कृपा करून आज तुम्ही लावा. काय बोलायचं ते सुचलं नाही तरी लावा.

आज शनिवार आहे. सकाळपासून त्याने दोनदा माझी जाळी पुसली, आणि तिच्यावर धूळ नव्हतीच.