अठाईतली धुरी

मेडशीजवळच्या डाळमिलमध्ये दोन मॅनेजर होते. मिल अर्पितकडे, गोदाम राजपालकडे. अर्पित वाशिमच्या जैन व्यापारी घरातला. विचारल्याशिवाय काही करायचं नाही आणि केलेलं काही लपवायचं नाही, ही त्याची शिस्त. राजपाल बंजारा तांड्यावरचा. सोबत्याला जे अवघड जाईल ते न बोलता आपल्या अंगावर घ्यावं, यालाच तो काम म्हणायचा. दोघांचं चांगलं जमायचं.

पर्युषण लागलं आणि त्याच आठवड्यात गोदामातल्या तुरीत भुंगे झाले. विषारी गोळ्यांची धुरी देऊन गोदाम बंद ठेवायला हवं होतं. पण अर्पितने अठाई धरली होती, आठ दिवस फक्त उकळलेल्या पाण्यावर. या दिवसांत तो जीव मारायला हो म्हणाला नसता, आणि तूर तोवर तगली नसती.

राजपालने विचारलंच नाही. त्याच्या डोक्शावर पाप कायले ठेवायचं? सेवादास हमालाला घेऊन त्याने गोळ्या ठेवल्या, दारांच्या फटींना चिकटपट्टी मारली आणि सगळ्या हमालांना तोंडी बजावलं. धोक्याची पाटी तेवढी लावली नाही. ती अर्पितने वाचली असती.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो अर्पितच्या ऑफिसात गेला. डाळीची धूळ येऊ नये म्हणून खिडक्या बंद होत्या. अर्पित टेबलावर कपाळ टेकून बसला होता.

"काहून भाऊ, बरं नाई काय?"

"उपासाचं आहे. डोकं धरलंय, सकाळी उलटी झाली. अर्ध्यावर आलं की होतं असं."

"घरी जा ना मंग. डाळ काय पळून चालली?"

"घरी गेलो तर अपूर्वा आजच पारणं करायला लावेल." अर्पित बायकोच्या आठवणीने हसला आणि तेवढ्यानेही त्याला धाप लागली.

उपासच असेल, असं म्हणत राजपाल वळला. तो दाराशी पोचला तेव्हा अर्पित मागून बोलला, "राजपालभाऊ, रागावू नका. पोरांना म्हणा, डबे जरा लांब उघडा. कालपासून लसणाचा वास येतोय. त्यांच्या जेवणाला नावं नाही ठेवत मी, पण रिकाम्या पोटी सोसत नाही."

राजपाल जागीच थांबला. कालपासून इकडे कोणी डबा उघडलाच नव्हता. त्यानेच सगळ्यांना लांब बसवलं होतं. त्या गोळ्यांना हवेतली ओल लागली की गॅस सुटतो, आणि त्याचा वास लसणासारखा असतो. त्याने भिंतीकडे पाहिलं. पलीकडे गोदाम होतं. वर, पोती वाहणारा जुना पट्टा जायचा तिथे, पोत्याचा बोळा कोंबलेलं भोक होतं. गोदामाच्या बाजूने ते पोत्यांच्या थप्पीआड झाकलं गेलं होतं, काल चिकटपट्टी मारताना दिसलंच नव्हतं.

"भाऊ, बाहेर चला."

"का?"

"पहिले बाहेर चला."

अर्पित उठला आणि तिथेच कोसळला. सेवादासच्या मदतीने राजपालने त्याला जीपमध्ये घातलं. वाशिमपर्यंत अर्पितने दोनदा विचारलं, काय झालं. राजपालने गाडी आणखी पळवली.

सेवादासच्या फोनमुळे दवाखान्यात अपूर्वा आधीच पोचली होती. "उपास आहे डॉक्टर," ती म्हणाली. "सलाईन लावा, बाकी काही नाही."

डॉक्टरांनी सलाईन मागवलं. नाडी धरताच त्यांच्या कपाळाला आठी पडली. "उपासाने नाडी अशी चुकत नाही. आणखी काही?"

"धुरी," राजपाल म्हणाला. "फॉस्फाइडच्या गोळ्या. मी देल्ली, काल. गॅस भाऊच्या ऑफिसात येऊन राह्यला होता."

डॉक्टरांनी नर्सला हाका मारल्या. ऑक्सिजन आला, छातीला तारा लागल्या. यावर उतारा नसतो, हृदय टिकवायचं आणि वाट पाहायची, असं ते अपूर्वाला सांगत होते. ती राजपालकडे बघत राहिली.

अर्पितने मास्क बाजूला केला. "मला विचारलं का नाही?"

तुमचा उपास होता म्हणून. हे बोलून टाकलं की सगळं पाप पुन्हा अर्पितच्याच माथी.

"विसरलो," राजपाल म्हणाला.

तो काही विसरत नाही, हे अर्पितला ठाऊक होतं. नर्सने मास्क पुन्हा बसवला. मॉनिटरवरची रेघ दोनदा उडाली, मग मध्येच सपाट झाली, आणि डॉक्टर अपूर्वाला सोडून पलंगाकडे धावले.