घाईघाईत लिहिलेली तिसरी ओळ

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे. जन्मानं खरं तर दार! बनुबाईच्या गोठ्याचं कडुनिंबाचं दार निखळलं, तेव्हा रंगनाथ गुरुजींनी ते मागून आणलं, त्याला बॅटरीच्या जुन्या सेलांतली काळी पूड फासली आणि चावडीच्या भिंतीला टांगलं. झालो मी फळा!

गुरुजी रोज सकाळी माझ्यावर तीन ओळी लिहायचे. "सगळ्या शेळ्या पाला खातात. तांबडी ही शेळी आहे. म्हणून तांबडी पाला खाते." म्हणायचे, सव्वादोन हजार वर्षांपूर्वी ग्रीस देशातली माणसं असा एकेक पायरी चढून विचार करायची, म्हणून सहसा पडायची नाहीत. पोरांना काय नाद लागला! महमूद आणि कानिफनाथ हे दोघे जिवलग तर भाकरी मोडतानासुद्धा 'म्हणून, म्हणून' करायचे. आणि मी? मी नुसता ऐटीत!

मग बहात्तरचा दुष्काळ पडला. सगळं गाव रस्त्याच्या कामावर मुरूम वाहायला लागलं. पाणी टँकरनं यायचं, चावडीपुढच्या टाकीत. एका सकाळी बघतात तर टाकी रिकामी! तोटी गायब, ओट्यावर लाल मुरमाचे पाय उमटलेले. बाया रिकाम्या घागरी घेऊन रडायला लागल्या. गुरुजी नेमके बेलापूरला लेकीकडं गेलेले. कानिफनाथची नजर समोरच उभ्या महमूदच्या पायांवर पडली. त्यानं खडू उचलला आणि माझ्यावर करकरत लिहिलं,

"चोराचे पाय लाल. महमूदचे पाय लाल. म्हणून चोर महमूद."

"आरं कान्या, तू तरी..." महमूद माझ्याकडं बोट दाखवत म्हणाला.

"फळ्यावर लिवलंय की! आता काय ऱ्हायलं?" गर्दीतून कुणीतरी ओरडलं.

मला किती ओरडावंसं वाटलं, पण फळ्याला तोंड कुठलं? महमूद दुपारच्या एसटीनं नगरला निघून गेला.

तिसऱ्या दिवशी गुरुजी आले. वाचलं. खडू घेतला आणि खाली लिहिलं, "शेळीला चार पाय. माझ्या खाटेला चार पाय. म्हणून..."

"म्हंजी खाट शेळी व्हय?" बनुबाई हसली. "मंग काढा की दूध, गुरुजी!"

सगळे हसले. कानिफनाथही हसला, आणि हसता हसता त्याची नजर खाली गेली. त्याचे पाय लाल. बनुबाईचे लाल. सगळ्या गावाचे लाल! मग तोटी गेली कुठं? तो धावत गेला, टाकीखालचा वाळलेला गाळ उकरला. तोटी तिथंच होती, आटे झिजून आपोआप गळालेली. चोर नव्हताच, मित्रांनो!

तो नगरला गेला. महमूद सायकलच्या दुकानात पंक्चर काढत होता. परत आल्यावर कानिफनाथनं गुरुजींना सांगितलं ते मी ऐकलं. महमूद एवढंच म्हणाला होता, "तू पुसशील रं कान्या. पन समद्यांनी वाचलंय."

तो पुन्हा गावात आला नाही.

आता चावडीत नवा फळा आहे, मी कोपऱ्यात भिंतीकडं तोंड करून उभा. मला नंतर दोनदा काळं फासलं, पण त्या दिवशी खडू इतका दाबला होता की ते एक 'म्हणून' लाकडात उतरलंय. ते काही जात नाही. मित्रांनो, दोन ओळी लिहून झाल्या की जरा थांबा, आधी आपले पाय बघा. तिसरी ओळ मग लिहा.