पाणी तयार होईपर्यंत

तपासणीचे थेंब टाकलेलं काचेच्या नळीतलं पाणी पिवळं की हिरवं... खिडकीकडे धरलं की पिवळट वाटायचं, कागदावर धरलं की हिरवट. जन्मभर त्यानं दातांचे रंग जुळवले होते – कवळीतला खोटा दात खऱ्या दातांशेजारी ओळखू येता कामा नये, म्हणून पांढऱ्यातल्याही छटा तो डोळे बारीक करून वेगळ्या काढायचा – तेव्हा हा रंग हिरवाच आहे हे त्याला पहिल्या नजरेत कळलं होतं. पण मान्य करायचं नव्हतं. हिरवा म्हणजे पाण्यात अजून विष आहे. म्हणजे आजही मासे नाहीत.

माशांची टाकी मुलीनं पाठवली होती. मासे बघत बसलं की आईला शांत वाटेल, असं तिला डॉक्टरांनी सांगितलं होतं. दुकानदारानं मात्र मासे द्यायला सपशेल नकार दिला. आधी पाणी तयार होऊ द्या, म्हणाला. रोज चिमूटभर खाद्य टाका, ते कुजेल, त्यातून विष सुटेल, आणि ते विष खाणारे जंतू हळूहळू वाढतील – काही आठवडे जातील, पण घाई केलीत तर मासे पटापट मरतील. म्हणून तो रोज सकाळी नसलेल्या माशांना खाऊ घालत होता. पंप गुरगुरत होता, दिवा जळत होता, आणि बायको समोरच्या खुर्चीत बसून रिकाम्या पाण्याकडे बघत होती. काही आठवडे... तिचे काही आठवडे म्हणजे काय? मागच्या महिन्यात तिला चमचा कशासाठी असतो ते ठाऊक होतं.

दुपारी स्मृती गेलेल्यांना सांभाळणाऱ्या संस्थेतल्या मेट्रनबाईंचा फोन आला. खाट रिकामी झालीय, सोमवारी त्यांना आणू शकता, पण संध्याकाळपर्यंत काय ते कळवा. खाट कशी रिकामी झाली हे त्यांनी सांगितलं नाही, त्यानंही विचारलं नाही. तिचं नाव त्यानंच नोंदवलं होतं – गॅस चालू ठेवून ती बाहेर पडली आणि चौकातल्या शिंप्यानं हाताला धरून तिला घरी आणलं, त्याच दिवशी. तेव्हापासून दाराला आतून कुलूप होतं, आणि किल्ली त्याच्या खिशात.

"कोणाशी जोडून देऊ?" तिनं खुर्चीतूनच विचारलं. हॉस्पिटलच्या टेलिफोन बोर्डावर तिची सगळी नोकरी गेली होती. तो फोन करायचा तेव्हा नुसत्या श्वासावरून ओळखून ती "बोला" म्हणायची, आणि शेजारची ऑपरेटर खुदकन हसलेली त्याला ऐकू यायची...

"कोणाशी नाही," तो म्हणाला.

ती उठून टाकीपाशी आली.

"काका, मासे कधी सोडणार?"

काका. टाकी आल्यापासून तिच्या लेखी तो टाकीवालाच झाला होता. आधी तो तिची चूक सुधारायचा. आता नाही.

"पाणी तयार झालं की."

"लवकर करा. आमच्या ह्यांना दाखवायचेत."

विचारायचं नाही असं त्यानं ठरवलं होतं. "कुठे गेलेत हे?"

"येतील. ते असले की मला भीती वाटत नाही." मग आवाज खाली आणून ती म्हणाली, "तुम्ही चांगले आहात. पण तुमची वाटते."

रागानं नाही, अगदी समजूत घातल्यासारखं म्हणाली. खरंच, रोज अंगावर पाणी ओतणारा, गोळी गिळायला लावणारा, दार बंद ठेवणारा हा कोण माणूस – तिनं घाबरू नये तर काय करावं?

संध्याकाळ होत आली. हो म्हटलं तर तिची या माणसापासून सुटका होईल. पण मग तिचे 'हे' कुठे येणार, कुठल्या दारातून... काय करायचं ते त्यांनीच ठरवावं, असं त्याच्या मनात आलं, आणि त्यात त्याला काहीच वावगं वाटलं नाही. कसे होते ते? बुटांची नाडी सोडता सोडता दिवसभरातल्या कवळ्यांचे किस्से सांगायचे, आणि ती पोट धरधरून हसायची. कुठे गेलोय मी? इतके दिवस कोणी विचारलं नाही. मीही नाही.

तो तिच्याशेजारी बसला – परक्यानं ठेवावं तेवढं अंतर ठेवून. फोन वाजू लागला. तिनं वळूनही पाहिलं नाही. तोही जागचा हलला नाही. दाराकडे कान लावून दोघं बसून राहिले, आणि त्याला अगदी आतून वाटत राहिलं की आता जिन्यात पावलं वाजतील, ते येतील, आणि फोन तेच उचलतील.